फेरीबोट म्हातारी कधी होते?

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून श्रीवर्धनमार्गे केळशी, आंजर्ले, दापोलीकडे जाणाऱ्यांच्या वाटेत बाणकोटची खाडी आडवी येते. बागमांडल्याहून समोरची वेसवी अगदी हाकेच्या अंतरावर दिसते, पण रस्त्याने जायचे तर सावित्रीच्या काठाने वर आंबेतपर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने परत खाली यावे लागते. पुढे वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ–जयगड येथेही तीच अडचण आहे. या सर्व ठिकाणी मोटारींसकट माणसे पलीकडे नेणारी बोट आहे. तिला कोणी फेरीबोट म्हणतात, कोणी रो-रो, आणि कोकणातले बरेच लोक जंगलजेटी म्हणतात.

अशाच एका धक्क्यावर रांगेत उभे असताना आमच्या पुढच्या मोटारीतले कोथरूडचे एक काका बोटीच्या अंगावरचे तांबूस ओघळ बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "अहो, आमच्या गाडीला पंधरा वर्षे झाली की आरटीओ ती पुन्हा तपासल्याशिवाय नोंदणी वाढवून देत नाही. हिचे वय किती असेल, आणि हिला कोण तपासत असेल?" त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख लिहिला आहे. २०२५ साली मुंबईहून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे रो-रो नेण्याच्या घोषणा बातम्यांत गाजल्या, आणि त्याच वर्षी २६ जूनला जुनी जहाजे सुरक्षितपणे मोडण्याविषयीचा हाँगकाँग करार जगभर अमलात आला. नव्या बोटींची बातमी होते तेव्हा जुन्यांचे काय होते, हेही समजून घ्यायला हवे.

रो-रो म्हणजे काय?

मालवाहू जहाजावर माल यारीने उचलून ठेवला जातो. रो-रो या प्रकारात मात्र मोटार स्वतःच्या चाकांवर चढते आणि स्वतःच्या चाकांवर उतरते. इंग्रजीतील 'रोल-ऑन, रोल-ऑफ' या शब्दांचे हे लघुरूप आहे. अशा बोटीला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे किनाऱ्यावर टेकणारा रॅम्प, दुसरी खांबांचा अडथळा नसलेला सपाट मोटार-डेक, आणि तिसरी भरती असो वा ओहोटी, रॅम्प टेकवता येईल असा उतरता धक्का.

कोकणातल्या खाड्यांवरच्या बोटींचा मोटार-डेक उघडा असतो, त्यामुळे वरून पाऊस पडला किंवा लाट आत आली तरी पाणी वाहून जाते. भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेली, ग्रीसमध्ये बांधलेली मोठी बोट किंवा युरोपातल्या समुद्रांवरच्या बोटी यांचे मोटार-डेक बंदिस्त असतात, म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक लांबच लांब गॅरेजच. उघडा डेक आणि बंदिस्त डेक हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे अपघातांचा विचार करताना तोच महत्त्वाचा ठरतो.

खारे पाणी आणि पोलाद

कोकणात घर असलेल्यांना हे सांगावे लागत नाही की पुण्यात वीस वर्षे टिकणारी लोखंडी खिडकी समुद्राकाठी त्याच्या निम्मी वर्षेही टिकत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. पोलादाच्या एकाच पत्र्यावर दोन जागी थोडा जरी फरक असला, तरी त्या दोन जागांमध्ये एक अतिसूक्ष्म बॅटरी तयार होते आणि तिच्यात पोलाद विरघळत जाते. सर्वांत जास्त झीज होते ती कायम पाण्याखाली असणाऱ्या भागाची नव्हे, तर कधी ओल्या आणि कधी कोरड्या राहणाऱ्या पट्ट्याची, कारण तिथे मीठ आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात.

यावर उपाय म्हणून रंगाचे अनेक थर दिले जातात आणि तळाला जस्ताचे ठोकळे बसवले जातात. जस्त पोलादाच्या आधी झिजते, म्हणजे धन्यावरचा वार सेवकाने अंगावर घ्यावा तसे ते पोलादावरचे संकट स्वतःवर घेते. ठोकळे संपत आले की नवे बसवायचे. ही काळजी सतत घेतली गेली तर पोलाद फार वर्षे टिकते, आणि पाणी गोडे असेल तर आणखी टिकते. अमेरिकेत मिशिगन सरोवरावर 'बॅजर' नावाची कोळशावर चालणारी बोट १९५३ साली कामाला लागली आणि सत्तरी ओलांडल्यावरही ती मोटारी वाहत होती. एवढ्या आयुष्यामागे जसे तिच्या खलाशांचे कष्ट आहेत, तसेच सरोवराचे गोडे पाणीही आहे.

काकांना दिसलेले तांबूस ओघळ मात्र फारसे काही सांगत नाहीत. कठड्याचा रंग उडाला की पहिल्याच पावसात ते ओघळतात. खरी काळजी असते ती न दिसणाऱ्या गंजाची, म्हणजे बोटीच्या पोटात जिथे पाणी साचून राहते, जिथे हात पोहोचत नाही आणि रंगाचा कुंचलाही पोहोचत नाही, तिथल्या गंजाची.

वर्षे मोजायची की फेऱ्या?

स्वारगेट ते कात्रज धावणारी शहर बस आणि द्रुतगती मार्गाने मुंबईला जाणारी बस एकाच दिवशी विकत घेतल्या आणि दोघींची धाव तितकेच किलोमीटर झाली, तरी शहर बसचे ब्रेक, क्लच आणि दरवाजे फार आधी खिळखिळे होतात, कारण ती दर पाचशे मीटरवर थांबते. फेरीबोट ही पाण्यावरची शहर बस आहे. महासागर ओलांडणारे जहाज आठवडेच्या आठवडे एकाच वेगाने चालते. खाडीवरची बोट दर पंधरा मिनिटांनी इंजिन रेटते, उलटे फिरवते, धक्क्याला टेकते, रॅम्प टाकते, उचलते आणि पुन्हा निघते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. दिवसाला वीस वेळा टेकणारी बोट वर्षाचे ३०० दिवस चालली तर वर्षाला ६,००० वेळा आणि पंचवीस वर्षांत दीड लाख वेळा धक्क्याला टेकते. दर वेळी रॅम्पच्या बिजागऱ्यांवर भार येतो आणि दर वेळी मालमोटार चढताना पुढचा भाग किंचित वाकून परत सरळ होतो. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर कटकन तुटते. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. त्यामुळे बोटीचे वय विचारताना ती कोणत्या साली बांधली हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणत्या पाण्यात राहिली आणि किती वेळा टेकली हेही महत्त्वाचे आहे.

हिला कोण तपासते?

समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर देखरेख ठेवण्याचे काम केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचे आहे. नद्या व खाड्यांमधील बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो. त्याआधी या बोटी १९१७ सालच्या कायद्याखाली चालत होत्या, म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या कायद्याची जागा या नव्या कायद्याने घेतली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील लहान बंदरे आणि जलवाहतूक १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. याशिवाय वर्गीकरण संस्था असतात. जहाज ठरावीक दर्जाच्या नियमांप्रमाणे बांधले व राखले आहे, असा दाखला देणारी स्वतंत्र तांत्रिक संस्था, असा या शब्दाचा अर्थ. लंडनची लॉइड्स रजिस्टर ही अशी सर्वांत जुनी संस्था, तर आपल्याकडची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ सालची.

मोठ्या जहाजांची तपासणी पाच वर्षांच्या चक्राने चालते. त्या काळात जहाजाला सुक्या गोदीत घालावे लागते, म्हणजे एका मोठ्या हौदात आणून, दार लावून, सगळे पाणी उपसून त्याचा तळ उघडा करावा लागतो. मग तळाला चिकटलेले शंख-शिंपले खरवडले जातात आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी जागोजागी मोजली जाते. दवाखान्यातली सोनोग्राफी ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर हे यंत्रही चालते. मूळ जाडीचा ठरावीक हिस्सा झिजलेला आढळला तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

येथेच बोटीच्या निवृत्तीचा खरा हिशेब सुरू होतो. पहिल्या दोन तपासण्यांत किरकोळ काम निघते. चौथ्या-पाचव्या तपासणीला पत्रे, पाइप, विजेच्या तारा आणि इंजिन असे सगळे एकदमच वर येते. त्या काळात बोट बंद, म्हणजे उत्पन्नही बंद. दुरुस्तीचा खर्च पुढच्या पाच वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त दिसू लागला की मालक बोट विकायचा विचार करतो. म्हणूनच बहुतेक जहाजे एखाद्या मोठ्या तपासणीच्या तोंडावर निवृत्त होतात.

ऐंशी वर्षे चाललेली बोट

हे सगळे एका बोटीच्या आयुष्यात पाहता येते. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात मोटारी वाहण्यासाठी सहा सारख्या बोटी बांधल्या गेल्या. त्यांपैकी एकीचे नाव 'स्टॉकटन' होते. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोहून थेट पलीकडे नेणारे मोठे पूल नव्हते. १९३६ साली बे ब्रिज आणि १९३७ साली गोल्डन गेट पूल खुला झाला आणि अवघ्या दहा वर्षांच्या, पूर्ण धडधाकट बोटींना काम उरले नाही. त्या उत्तरेकडे वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या खाडीत विकल्या गेल्या. 'स्टॉकटन'चे नाव 'क्लिकिटॅट' झाले. १९५१ साली तिथली फेरीसेवा राज्य सरकारने हाती घेतली आणि 'क्लिकिटॅट' सरकारी बोट झाली.

पुढच्या पन्नासहून अधिक वर्षांत तिची मोठी डागडुजी झाली, वरचे मजले नव्याने उभे राहिले, पण पाण्याखालचा मूळ सांगाडा १९२७ चाच राहिला. इतकी जुनी बोट इतकी वर्षे का ठेवली, याचे कारण ती ज्या बंदरात जात असे त्यात आहे. पोर्ट टाउनसेंड ते कीस्टोन या मार्गावरचे कीस्टोन बंदर अरुंद आणि उथळ आहे. मोठी, खोल बुडणारी नवी बोट तिथे शिरू शकत नव्हती. त्या अडचणीच्या जागेत बसणारी बोट जुन्या ताफ्यातच होती, म्हणून ती चालत राहिली.

दुसरे कारण नियमांचे आहे. जहाजाला साधारणपणे ते बांधले त्या काळचे नियम लागू होतात, नवे नियम आले म्हणून जुने जहाज लगेच बाद होत नाही. आपल्या पेठांमधील जुन्या वाड्यांचे उदाहरण घ्यावे. आजच्या बांधकाम नियमावलीतले जिन्याचे माप, अग्निशमनाची सोय किंवा मोकळी जागा त्या वाड्यात नसते, तरी त्यात लोक राहतात. मात्र वाडा पाडून नवे बांधायला घेतले की आजचे सगळे नियम लागू होतात. बोटीच्या बाबतीतही मोठा बदल केला की नव्या नियमांची कात्री लागते, त्यामुळे मालक मोठा बदल टाळून लहान लहान ठिगळे लावत राहतो. नव्या बोटींच्या पोटात जलरोधक कप्पे असावे लागतात, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरले तरी बोट तरंगत राहते. या १९२७ च्या बोटींत तशी आजच्या दर्जाची विभागणी नव्हती. म्हणजे त्यांची सगळी भिस्त तळाच्या पत्र्यावर होती.

आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच पत्र्याने दगा दिला. 'क्लिकिटॅट'च्या जोडीची 'क्विनॉल्ट' ही बोट दुरुस्तीसाठी गोदीत असताना तिच्या पत्र्यावर गंजाने खोल खड्डे पाडलेले आढळले. मूळ सहांपैकी सेवेत उरलेल्या चारही बोटी प्रशासनाने एका दिवसात कायमच्या थांबवल्या. सुट्टीचा हंगाम तोंडावर होता आणि त्या मार्गावर पर्यायी बोट नव्हती, तरी तो निर्णय घेतला गेला, याबद्दल मला त्या अधिकाऱ्यांविषयी आदर वाटतो. काही काळ केवळ माणसांची ने-आण झाली, मग त्याच राज्यातल्या एका जिल्ह्याकडून एक लहान बोट भाड्याने आणली, आणि त्या बंदराला बसणारी नवी 'चेट्झेमोका' २०१० साली आली. जुन्या चार बोटी २००९ मध्ये समुद्रातून ओढत मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे नेऊन तोडण्यात आल्या. मूळ सहांपैकी 'सान्ता रोझा' मात्र सॅन फ्रान्सिस्कोला परत आली आणि तिथल्या धक्क्याला कार्यालय म्हणून उभी राहिली.

जुनी म्हणजे धोक्याची, असेच ना?

हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण मोठ्या अपघातांची नोंद पाहिली तर चित्र वेगळे दिसते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' उलटली आणि १९३ माणसे गेली. ती बोट तेव्हा केवळ सात वर्षांची होती. तिचे पुढचे दार बंद न करताच ती निघाली होती, आणि दार बंद झाले की नाही हे दाखवणारा दिवा कप्तानाच्या सुकाणूघरात नव्हता. २८ सप्टेंबर १९९४ रोजी बाल्टिक समुद्रात बुडालेली 'एस्टोनिया' चौदा वर्षांची होती. वादळात तिच्या नाकाडावरचे झाकण तुटून पडले, मोटार-डेकवर पाणी शिरले आणि ८५२ जण मृत्युमुखी पडले.

मोटार-डेकवरचे थोडेसे पाणी एवढे घातक का ठरते, हे घरीही पडताळून पाहता येते. मोठ्या परातीत दोन बोटे पाणी घ्या आणि ती हातात धरून चाला. परात किंचित कलली की सगळे पाणी खालच्या बाजूला धावते, त्या वजनाने परात आणखी कलते आणि आणखी पाणी धावते. तेच पाणी चार वाट्यांत भरून त्याच परातीत ठेवले तर काही होत नाही. मोटारी सलग चढता-उतरता याव्यात म्हणून मोटार-डेकला आडव्या भिंती नसतात, म्हणजे तो वाट्यांविना असलेल्या परातीसारखा असतो. या अपघातांनंतर उत्तर युरोपातल्या देशांनी १९९६ साली स्टॉकहोम येथे करार केला आणि डेकवर अर्धा मीटरपर्यंत पाणी साचले तरी बोट उलटता कामा नये, अशी कसोटी ठरवली. काही जुन्या बोटींना त्यासाठी दोन्ही बाजूंनी पोकळ फुगवटे जोडावे लागले. ज्यांना ते परवडण्यासारखे नव्हते, त्यांची विक्री झाली.

आणि मला वाटते की खरा धोका या विक्रीत आहे. शहरात वापरून झालेली मोटार जशी लहान गावात विकली जाते, तशा उत्तर युरोपातल्या बोटी भूमध्य समुद्राकडे आणि तिथून तांबड्या समुद्राकडे, तर जपानमधल्या बोटी कोरिया आणि फिलिपिन्सकडे सरकतात. नवा मालक जास्त प्रवासी मावावेत म्हणून वर मजले चढवतो. बोट तीच, पण तिचे डोके जड होते. १९७० साली इटलीत बांधलेल्या 'अल सलाम बोकाचिओ ९८' या बोटीवर असेच मजले वाढवलेले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये तांबड्या समुद्रात तिच्या मोटार-डेकवर आग लागली, ती विझवण्यासाठी मारलेले पाणी डेकवरच साचले, आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. दक्षिण कोरियाने २००९ साली प्रवासी बोटींची वयोमर्यादा २० वरून ३० वर्षे केली होती. १९९४ साली बांधलेली, जपानमध्ये अठरा वर्षे चाललेली बोट २०१२ मध्ये तिथे विकत घेतली गेली, तिच्यावर प्रवाशांच्या खोल्या वाढवल्या आणि तिचे नाव 'सेवॉल' ठेवले. १६ एप्रिल २०१४ रोजी मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त माल, तोही नीट न बांधलेला, घेऊन जाताना एका वळणावर ती कलली. ३०४ जण गेले आणि त्यांतले बहुतेक सहलीला निघालेले शाळकरी विद्यार्थी होते.

या सगळ्यात वय हे एक कारण आहे, पण एकटे वय कुठेच दोषी नाही. न बदललेली, कमी भरलेली, नियमित तपासलेली चाळीस वर्षांची बोट ही मजले चढवलेल्या आणि खच्चून भरलेल्या वीस वर्षांच्या बोटीपेक्षा सुरक्षित असते. आपल्याकडच्या उघड्या डेकच्या बोटींना परातीतल्या पाण्याचा धोका त्या मानाने कमी आहे. जादा भार आणि न बांधलेली वाहने यांचा धोका मात्र तितकाच आहे. खलाशी जेव्हा "हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा" असे सांगतो, तेव्हा त्यामागे हे सारे शहाणपण असते.

धडधाकट बोटही निवृत्त का होते?

'स्टॉकटन'ने एक उत्तर दिलेच आहे, पूल. डेन्मार्कमधला स्टोअरबेल्ट पूल १९९८ साली मोटारींसाठी खुला झाल्यावर तिथल्या मोठ्या बोटींचे तेच झाले. कोकणात रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या खाडीपुलांची कामे पुढे सरकतील तशा आपल्या फेरीबोटींवरही ती वेळ येईल. पूल आला की बोट टाकाऊच झाली, असे मात्र समजू नये. पूल जागचा हलत नाही, बोट हलते. म्हाप्रळ–आंबेत पूल दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा मोटारी पलीकडे नेण्यासाठी तिथे फेरीबोटच लावावी लागली होती.

दुसरे कारण गाळ. गुजरातमध्ये घोघा–दहेज रो-रो सेवा २०१७ साली मोठ्या अपेक्षेने सुरू झाली, परंतु खंभातच्या आखातात गाळ इतका साचतो की बोटीला पुरेशी खोली मिळेना आणि सेवा थांबवावी लागली. नोव्हेंबर २०२० पासून ती घोघा–हजिरा अशी चालू झाली आणि रस्त्याचे ३७० किलोमीटर समुद्रमार्गे ९० वर आले. गाळ कुठे साठेल हे आधी ओळखण्याचे शास्त्र पुण्याला परके नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची सुरुवात १९१६ सालची आहे, बंदरांच्या आणि खाड्यांच्या लहान प्रतिकृती बांधून लाटा, भरती आणि गाळ यांचा अभ्यास होतो.

तिसरे कारण इंधन. नॉर्वेत २०१५ साली 'अँपिअर' ही पूर्णपणे बॅटरीवर चालणारी मोटार-फेरी सुरू झाली. ठरलेला लहान मार्ग आणि प्रत्येक टोकाला थांबून चार्जिंग करण्याची सोय यामुळे फेरीबोट विजेवर चालवणे मालवाहू जहाजापेक्षा सोपे आहे. अशी बोट उपलब्ध झाली की डिझेलवरची चांगली बोटही महाग वाटू लागते.

संग्रहालय का करत नाहीत?

जिच्यावरून पिढ्यान् पिढ्या गेल्या ती बोट जपावी, असे वाटणे साहजिक आहे. पण वर सांगितलेले खारे पाणी निवृत्तीनंतरही काम थांबवत नाही, आणि आता तिकिटाचे उत्पन्न नसते. प्यूजेट साउंडमध्येच १९३५ साली 'कालाकाला' नावाची चंदेरी, विमानासारख्या गोलाईची बोट कामाला लागली होती. तिला पाहायला दुरून लोक येत. १९६७ साली निवृत्त झाल्यावर ती अलास्कात मासळी डबाबंद करण्याचा कारखाना म्हणून वापरली गेली. १९९८ मध्ये लोकांनी मोठ्या प्रेमाने तिला सिअॅटलला परत आणले. पण दुरुस्तीला लागणारा पैसा उभा राहिला नाही. जागा बदलत, गंजत, २०१५ साली ती टकोमा येथे तोडली गेली. प्रेम होते, गोदीचे बिल भरणारे कोणी नव्हते.

अलंगचा किनारा

भारतात मोठी जहाजे तोडण्याचे मुख्य ठिकाण भावनगर जिल्ह्यातील अलंग हे आहे. तिथे १९८३ पासून हे काम चालते. घोघ्याच्या फेरीला त्रास देणारे खंभातचे आखातच इथे उपयोगी पडते. उधाणाच्या दिवशी तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. भरतीच्या शिखरावर जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात, पाणी ओसरले की ते चिखलात उभे राहते, आणि गोदी न बांधता कामगार त्याच्यापर्यंत पोहोचतात. जहाजाची किंमत रिकाम्या जहाजातील पोलादाच्या वजनावर ठरते, म्हणजे शेवटी हा रद्दीसारखाच वजनाचा व्यवहार असतो.

पण या रद्दीत विष असते. जुन्या बोटींच्या इंजिनघरात पाइपांभोवती आणि आगरोधक भिंतींत अॅस्बेस्टॉस असतो, ज्याची धूळ फुप्फुसात गेली की अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तळाला विषारी रंग, टाक्यांत तेलाचा गाळ, आणि गॅस साठलेल्या कप्प्यावर कटरची ज्योत लागली तर स्फोट. हाँगकाँग करार २००९ साली झाला, भारत २०१९ मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी जहाज पुनर्वापराचा स्वतंत्र कायदाही केला. कराराचा गाभा एवढाच की जहाजावर कोणते घातक पदार्थ कुठे आहेत याची यादी आयुष्यभर जहाजासोबत असावी आणि मंजुरी मिळालेल्या यार्डातच ते तोडावे. किनाऱ्यावर चढवून तोडणे मुळातच चुकीचे आहे, कारण तेल आणि रंग वाळूत मिसळतात, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे. तो मला रास्त वाटतो. अलंगमधील अनेक यार्डांनी काँक्रीटच्या जमिनी आणि यारी केल्या हे खरे, परंतु पहिला तुकडा पडतो तो भरतीच्या पट्ट्यातच.

कोकणातल्या बोटींना मात्र हा करार लागू होत नाही. ५०० टनभारापेक्षा (टनभार म्हणजे जहाजाच्या आकारमानाचे माप) लहान जहाजे आणि आयुष्यभर आपल्याच देशाच्या पाण्यात चालणारी जहाजे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे पुणेकर ज्या बोटीतून दापोलीला जातो, तिच्या म्हातारपणाची आणि शेवटाची काळजी कोणताही जागतिक करार घेणार नाही. ती राज्याच्या सागरी मंडळानेच घ्यायची आहे आणि त्याविषयी विचारायचे आहे ते आपणच.

त्यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही. धक्क्यावर दरपत्रकाची पाटी असतेच. दुचाकीला किती, मोटारीला किती, बसला किती, ते आपण सगळे वाचतो. त्याच पाटीवर खाली चार ओळी वाढवता येतील. बोट कोणत्या साली बांधली, सुक्या गोदीतून शेवटची कधी बाहेर आली, किती मोटारी आणि किती माणसे मंजूर आहेत, आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात आहे. कोथरूडच्या काकांना रांगेत उभ्या उभ्या उत्तर मिळाले असते.